मागून जेवणारीचं ताट

"आपल्या घरात कोणी जाड नाही. गोडधोड सणासुदीपुरतं. मग शुगर निघालीच कशी?"

माझ्या धाकट्या भावाला अडतिसाव्या वर्षी मधुमेह निघाला, तेव्हा आईनं मला विचारलेला हा प्रश्न. भाऊ अंगानं काडी. कमरेचा पट्टा कायम शेवटच्या भोकात. शेती स्वतः बघतो, दिवसभर पायांवर असतो. भेटायला येणारा प्रत्येक जण आपापलं कारण सांगून गेला. चहा फार पितो, कर्जाचं टेन्शन घेतो, जागरण करतो. पाठोपाठ उपायही आले. मेथीदाणे भिजवून पी, भात बंद करून भाकरी धर, कारल्याचा रस घे. भाऊ गप्प बसून ऐकायचा. आपण काहीतरी चुकीचं वागलो आणि म्हणून हे झालं, असं त्याच्या मनात रुजताना मी पाहिलं.

मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. स्वादुपिंड, त्यातून येणारं आणि रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिन, सगळं फळ्यावर काढून दाखवते. तरी आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शोधायला लागले तेव्हा कळलं, की हे उत्तर शोधण्याचं काम आमच्याच पुणे जिल्ह्यात, आमच्यासारख्याच गावांमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. भाऊ चहा किती पितो याच्याशी त्या उत्तराचा संबंध थोडा आहे. भाऊ पोटात असताना आई काय जेवत होती, किती राबत होती आणि घरात कितव्या पंगतीला बसत होती, याच्याशी फार आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मधुमेहावर काम सुरू केलं, तेव्हा पाठ्यपुस्तकातला मधुमेही आणि त्यांच्या समोर बसलेला मधुमेही यांचा मेळ बसत नव्हता. पुस्तकातला माणूस वयस्कर आणि लठ्ठ. समोरचा तरुण आणि वजनानं बेताचा. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. फोटोत दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त. मी हा फोटो वर्गात दाखवते. मुलं आधी हसतात, मग एकमेकांच्या पोटांकडे बघायला लागतात.

आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. ती चरबी बहुतेक पोटात, अवयवांच्या भोवती साठते आणि इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. म्हणूनच आशियाई लोकांसाठी धोक्याची रेषा खाली आणावी लागली. युरोपात २५च्या पुढच्या बीएमआयला जास्त वजन म्हणतात, आपल्यासाठी ती रेषा २३ आहे. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला की सावध व्हायचं. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप आपल्याला जास्त खरं सांगते. भावाची कंबर कधी कोणी मोजलीच नव्हती, कारण तो 'बारीक' होता.

ही चरबी येते कधी? याज्ञिकांच्या गटानं १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या, अजून दिवस न राहिलेल्या बायकांपासून सुरुवात केली, त्यांच्या गरोदरपणात नोंदी ठेवल्या आणि जन्मलेलं बाळ लगेच मोजलं. या बायकांचं गरोदर राहण्यापूर्वीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, बीएमआय १८. बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली, तर ती साडेतीन किलोची. आठशे ग्रॅमचा फरक! पण हा फरक सगळ्या अंगात सारखा वाटलेला नव्हता. आपल्या बाळाच्या दंडाचा आणि पोटाचा घेर बराच कमी, म्हणजे स्नायू आणि पोटातले अवयव लहान. पाठीच्या वरच्या भागावर चिमट्यात धरून मोजायची चरबी मात्र जवळपास टिकून. बाळ हाडकुळं, तरी चरबी राखून असलेलं.

मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी बराच वेळ त्यावरून पुढे जाऊ शकले नाही. वाढायला जेमतेम मिळत असेल, तर पोटातला जीव काटकसर करतो. मेंदू वाचवायचा, चरबी राखून ठेवायची, आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांना थोडक्यात भागवायचं. दुष्काळात घर चालवणारी बाई जसं धान्य राखते, तसंच हे. त्या बाळाला पुढेही तेवढंच मिळालं असतं, तर काटकसर कदाचित कामी आली असती. पण ते मोठं झालं, मोटरसायकल आली, घरात भात, साखर, तेल आणि मैद्याचं खाणं आलं. लहान स्वादुपिंडावर मोठ्या संसाराचा भार पडला. ब्रिटनमध्ये डॉ. डेव्हिड बार्कर यांनी कमी वजनानं जन्मलेली मुलं आणि त्यांचे पुढचे आजार यांचा संबंध दाखवून दिला होता. पुण्याच्या कामानं तो संबंध आपल्या मातीत आणि आपल्या ताटात दाखवला.

ताटात, हे मी मुद्दाम म्हणते. त्या सहा गावांतल्या बायका काय खातात हेही तपासलं गेलं, आणि त्यात आगरकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांचं काम मोठं आहे. अपेक्षा अशी की जिला जास्त उष्मांक आणि जास्त प्रथिनं मिळतील, तिचं बाळ वजनदार असेल. तसा सरळ संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. हे पदार्थ जी वारंवार खायची, तिचं बाळ मोठं. दुसरी गोष्ट त्याहून टोचणारी आहे. जी बाई गरोदरपणात शेतातली आणि घरातली जड कामं, पाणी आणणं, धुणं अशी जास्त करायची, तिचं बाळ लहान.

आता आमच्या घराची गोष्ट सांगते, कारण ती त्या सहा गावांतल्या कुठल्याही घराची असू शकते. आजोबा, वडील आणि काका आधी जेवायचे. मग आम्ही मुलं. मग आजी. आई आणि काकू सगळ्यात शेवटी, चुलीपाशीच. तोवर कोरड्यास संपलेलं असायचं. तव्यावरची शेवटची भाकरी, ठेचा, कधी ताकाचा तळ. घरात म्हैस होती, पण दूध डेअरीला जायचं आणि उरलेलं पुरुषांच्या चहाला आणि आम्हा मुलांना. मेथी-चाकवताची भाजी व्हायची, नाही असं नाही, पण पातेलं आईपर्यंत पोचेस्तोवर त्यात खरवड राहायची. भावाच्या वेळी आई सातव्या महिन्यापर्यंत कांद्याच्या लागणीला जात होती. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नसते, उलट अभिमान असतो. 'आम्ही कुठं बसून राहिलो?' असं ती म्हणते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. मधुमेहाकडे आपण ज्याच्या-त्याच्या जिभेचा दोष म्हणून बघतो, ते थांबवलं पाहिजे. हा आपल्या घरांमध्ये कोण आधी जेवतं आणि कोण मागून, याचा एक पिढी उशिरा आलेला हिशेब आहे. आणि घरातलं वाढप बदलायला उपदेश पुरत नाही, सरकारी ताटही बदलावं लागतं.

या संशोधनातला सगळ्यात अवघड भाग जीवनसत्त्व बी-१२चा आहे. हे जीवनसत्त्व फक्त प्राणिज अन्नात असतं. मांस, मासे, अंडी, दूध, दही. पुण्याच्या अभ्यासात दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ते कमी निघालं. त्याच्या जोडीनं काम करणारं दुसरं जीवनसत्त्व, फॉलिक ॲसिड, मात्र जवळजवळ कोणाचंच कमी नव्हतं, कारण ते पालेभाज्यांतूनही येतं आणि गरोदरपणाच्या सरकारी गोळीतूनही. ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ज्यांच्या आईचं बी-१२ कमी आणि फॉलिक ॲसिड जास्त होतं, त्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. याचा अर्थ लोह-फॉलिकच्या गोळ्या घेऊ नका असा कोणी काढू नये. रक्तक्षय आणि बाळाच्या मणक्यातलं व्यंग टाळायला त्या लागतातच. अर्थ एवढाच, की जोडीतलं एक चाक आपण दिलं आणि दुसरं विसरलो.

इथे आपल्या संस्कृतीचा नाजूक भाग दुखतो. पुण्यातल्या पुरुषांमध्ये बी-१२ तपासलं, तेव्हा कमतरता सगळ्यात जास्त सापडली ती शहरी मध्यमवर्गात, झोपडपट्टीत नव्हे. पोटभर जेवणाऱ्या शाकाहारी घरांमध्ये. मी स्वतः माळकरी घरातली आहे. कोणी तुळशीची माळ काढून ठेवावी असं मी म्हणणार नाही. पण आपला शाकाहार पूर्वी दुभत्याच्या आधारावर उभा होता, आणि दुभतं घरातल्या कोणाच्या वाट्याला यायचं हे वर लिहिलंच आहे. प्रौढ माणसाला रोज साधारण दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं. पेलाभर दूध आणि वाटीभर दही यातून बऱ्यापैकी भागतं. चहातल्या चमचाभर दुधातून भागत नाही. आठवड्याचे दोन उपवास, त्यात साबुदाण्याची खिचडी आणि वर बिनदुधाचा चहा, असं करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनी आहेत. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यांच्या रक्तातल्या बी-१२बद्दल कोणीतरी विचारावं, एवढंच म्हणायचं आहे.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. या सहा गावांतली मुलं अठरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांची साखर पुन्हा तपासली. मुलग्यांपैकी सुमारे ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. अठराव्या वर्षी! आणि त्यातली कितीतरी मुलं कमी वजनाची होती. मुलांत साखर जास्त, मुलींत कमी, म्हणून मुली सुटल्या असं नाही. गरोदरपणात त्याच मुलींचा कस लागतो, आणि गरोदरपणातली वाढलेली साखर बाळाच्या वाट्याला नवा धोका लिहून ठेवते.

याच मुलामुलींना मग लग्नाआधीपासूनच बी-१२ची छोटी मात्रा, रोज दोन मायक्रोग्रॅम, देऊन पाहिली गेली. पुढे त्या मुली माता झाल्या. त्यांच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात बी-१२ जास्त होतं, आणि दोन वर्षांच्या वयात ही बाळं भाषेच्या आणि आकलनाच्या चाचण्यांत सरस ठरली. तपासलेल्या बाळांची संख्या शंभराच्या आत आहे, त्यामुळे यावरून मोठे दावे करायला मी तयार नाही. पण पिढ्यांची माळ कुठेतरी तोडता येते, एवढी आशा ठेवायला हे पुरेसं आहे.

आता एक भीती. हे सगळं सांगितलं की लोक आईकडे बोट दाखवतात. मी माझ्या आईला हे समजावून सांगायला लागले, तेव्हा तिचा चेहरा पडला. 'म्हणजे माझ्यामुळं झालं?' असं तिनं विचारलं. मला स्वतःचा राग आला. मुलगा झाला की बापाच्या नशिबानं आणि आजारी पडला की आईच्या चुकीनं, ही आपली जुनी सवय विज्ञानाच्या भाषेत पुन्हा उभी राहता कामा नये. शेवटच्या भाकरीवर राहणाऱ्या बाईनं काय निवडायचं होतं? तिच्यापुढे निवड ठेवलीच कोणी नव्हती. आज मी गावातल्या सासवांशी, नवऱ्यांशी आणि ग्रामपंचायतीतल्या लोकांशी बोलते ते यासाठी. गरोदर बाईला 'हे खा, ते खा' सांगणारे शंभर आहेत. तिच्यासाठी पातेल्यातलं आधी काढून ठेवणारं कोणी आहे का, हा प्रश्न आहे.

काढून ठेवलं तर काय होतं, याचा सुंदर पुरावा मुंबईत आहे. 'सरस' नावाचा प्रकल्प. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेसहा हजारांवर बायकांना, दिवस राहण्याच्या आधीपासून बाळंत होईपर्यंत, रोज एक खाऊ दिला. निम्म्या बायकांच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दूध. उरलेल्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषणाच्या भाज्या. गोळी नाही, पावडर नाही. हातात धरून खाता येईल असा, समोशा-भज्यांच्या जातकुळीतला पदार्थ, आणि तो समोर बसून खायचा. बाळाच्या सरासरी वजनात सगळ्या बायकांत मिळून मोठा फरक दिसला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जिनं दिवस राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून खाल्लं, तिच्या बाळाचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनी वाढलं, आणि तेही जी फार हाडकुळी नव्हती तिच्यात. पण दुसरा निकाल मोठा होता. बटाटा-कांदा गटात १२.४ टक्के बायकांना गरोदरपणातला मधुमेह झाला, पालेभाजी-दूध गटात ७.३ टक्के. रोजच्या एका खाऊनं! पालकाची जुडी आणि थोडं दूध यांची ताकद मला इतकी कुठेच दिसली नव्हती.

त्यात एक खुबी आहे, तिच्याकडे धोरण आखणाऱ्यांनी बघावं. तो खाऊ बाईच्याच पोटात गेला. अंगणवाडीतून घरपोच दिलं जाणारं आहाराचं पाकीट घरी जातं आणि तिथे त्याचे वाटे पडतात. दीर खातो, सासू खाते, थोरलं पोर खातं. चव नसेल तर जनावरापुढेही जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. याउलट आदिवासी भागात राज्य सरकारनं डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावानं अमृत आहार योजना सुरू केली, तिची कल्पना मला फार आवडते. गरोदर आणि स्तनदा मातेनं अंगणवाडीत येऊन एक वेळचं पूर्ण, ताजं जेवण तिथेच जेवायचं. पहिल्या पंगतीला. अंमलबजावणीत अडचणी असतात, सेविकांवर कामाचा बोजा आहे, पैसे वेळेवर मिळत नाहीत. पण योजनेचा गाभा बरोबर आहे. ती फक्त आदिवासी भागापुरती का? शिरूर, बारामती, बार्शीतल्या बाईचं ताट भरलेलं असतं असं कोणी गृहीत धरलं?

सरकारचा हात आजारापर्यंत पोचतो का, अशी शंका काही जण घेतात. खाणं हा ज्याचा-त्याचा खाजगी मामला, असं म्हणतात. त्यांच्यासाठी २०२४ साली 'सायन्स'मध्ये आलेला एक अभ्यास सांगते. दुसऱ्या महायुद्धामुळे ब्रिटनमध्ये साखर रेशनवर होती. सप्टेंबर १९५३मध्ये रेशन उठलं आणि लोकांचं साखर खाणं पाहता पाहता जवळपास दुप्पट झालं. संशोधकांनी त्या तारखेच्या आगेमागे जन्मलेल्या सुमारे साठ हजार लोकांच्या आरोग्याच्या नोंदी पाहिल्या. जे आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत रेशनच्या काळात वाढले, त्यांना पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचं सुमारे २० टक्क्यांनी कमी. ज्यांना झाला त्यांनाही मधुमेह सरासरी चार वर्षं उशिरा झाला. त्या बाळांनी कुठलाही संयम पाळला नव्हता. दुकानात काय किती मिळतं, हे सरकारनं ठरवलं होतं आणि त्याचा परिणाम साठ वर्षांनी इस्पितळाच्या नोंदींमध्ये उतरला.

आपल्या रेशनवर आज काय मिळतं? माणशी महिन्याला ५ किलो धान्य. गहू आणि तांदूळ. ते मिळायलाच हवं, त्याशिवाय लाखो चुली पेटणार नाहीत. पण डाळ नियमानं नाही, दूध नाही, अंडं नाही. मग ताटात काय वाढणार? सप्टेंबर २०२५मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह अभ्यासातला आहाराचा भाग 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. सव्वा लाखाच्या जवळपास लोकांच्या नोंदींवरून दिसलं, की भारतीय माणसाच्या ऊर्जेचा ६२ टक्के भाग पिष्टमय पदार्थांतून येतो आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के.

यातला एक निष्कर्ष आपल्या घराघरांत पोचायला हवा, कारण तो आपल्या लाडक्या समजुतीला धक्का देतो. भात सोडून तेवढीच पोळी किंवा भाकरी खाल्ली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. भाताच्या जागी भाकरी आली, पण एकूण पीठ तेवढंच राहिलं. धोका कमी दिसला तो कुठे? पिष्टाच्या ऊर्जेतला ५ टक्के वाटा डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्याच्या प्रथिनांनी भरून काढण्याच्या हिशेबात. हा अभ्यास लोकांची एका वेळची तपासणी आहे, कारण आणि परिणाम त्यातून पक्के सिद्ध होत नाहीत. तरी दिशा स्पष्ट आहे. माझ्या भावानं भात सोडला आणि चारऐवजी सहा भाकऱ्या सुरू केल्या, तेव्हा त्याची साखर का हलली नाही, हे मला हा निष्कर्ष पाहून कळलं. आता तो दोन भाकऱ्यांवर आला आहे आणि मटकीची उसळ वाटीऐवजी ताटभर घेतो. जेवल्यावर बांधापर्यंत चालून येतो. साखर उतरली आहे. म्हणजे मोठेपणी काहीच करता येत नाही, असा या सगळ्याचा अर्थ मुळीच नाही. चेन्नईच्या जुन्या अभ्यासातही मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी चालणं आणि खाणं सुधारलं, तेव्हा त्यांच्यातलं मधुमेहाचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी खाली आलं होतं.

पण मटकी विकत घ्यावी लागते, दूध विकत घ्यावं लागतं, आणि सल्ला फुकट मिळतो. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्याच २०२३च्या अंदाजानुसार देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटी उंबरठ्यावर आहेत. शेजारच्या गोव्यात तर प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. इतक्या लोकांना एकेकट्यानं 'जिभेवर ताबा ठेवा' सांगत बसणं हा उपाय नाही. औषधांवर, डायलिसिसवर, पाय कापण्याच्या शस्त्रक्रियांवर घरं कर्जात जातात. त्या खर्चाच्या लहानशा हिश्शात डाळ आणि अंडी येतात.

अंड्याचं नाव निघालं म्हणून. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्यानं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्या मुलांना केळं किंवा फळ. अंड्यात बी-१२ आहे, उत्तम प्रथिन आहे. मी त्या वेळी आमच्या भागातल्या शाळांमध्ये मुलांचे चेहरे पाहिले आहेत. अंड्याच्या दिवशी हजेरी भरगच्च असायची. जानेवारी २०२५मध्ये त्यासाठीचा निधी देणं राज्यानं थांबवलं आणि शाळांनी लोकवर्गणीतून भागवावं असं सांगितलं. ज्या गावाला वर्गणी जमवता येते, त्या गावातल्या मुलांना बहुधा अंड्याची गरज सर्वांत कमी असते. हा निर्णय चुकीचा होता असं मला वाटतं, आणि ज्या राज्यात पुण्या-मुंबईचं हे संशोधन झालं, त्या राज्यानं तो घ्यावा याचं दुःख जास्त वाटतं.

त्याहून मोठी फट चौदा वर्षांच्या पुढे आहे. शाळेचा पोषण आहार आठवीपर्यंत. गरोदर राहिल्यावर अंगणवाडी पुन्हा दार उघडते. मधली वर्षं, नववी ते बारावी आणि लग्नापर्यंतचा काळ, मुलगी कोणाच्याच ताटात नाही. किशोरवयीन मुलींसाठी केंद्राची पोषण योजना आहे, पण ती ईशान्येकडची राज्यं आणि 'आकांक्षित', म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्रानं निवडलेल्या, जिल्ह्यांपुरती. महाराष्ट्रात असे जिल्हे चार: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. बाकीच्या जिल्ह्यांत आठवड्याची लोह-फॉलिकची गोळी मिळते, आणि तिच्यात बी-१२ नाही. सहा गावांनी आणि मुंबईच्या खाऊनं दाखवलं ते नेमकं हेच, की दिवस राहिल्यानंतर सुरू केलेलं पोषण उशिरा पोचतं. दिवस राहिल्याचं कळेपर्यंत बाळाचे अवयव आकार घ्यायला लागलेले असतात. वेळ आधीची आहे, आणि त्या आधीच्या वेळात आपल्या योजनांमध्ये मोकळी जागा आहे.

माझी मागणी साधी आहे. पोषण आहार बारावीपर्यंत न्या, कनिष्ठ महाविद्यालयांमध्येही. त्यात आठवड्यातून निदान तीनदा अंडं किंवा दूध-दही असू द्या आणि रोज पालेभाजी. साप्ताहिक गोळीत बी-१२ची छोटी मात्रा घाला. रेशनवर महिन्याला डाळ द्या. अमृत आहाराची पंगत प्रत्येक अंगणवाडीत बसवा. पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मला माहीत आहे, पण मधुमेहाचे पैसे आपण आजही भरतोच आहोत, फक्त ते एकेका घराच्या खिशातून जातात म्हणून अर्थसंकल्पात दिसत नाहीत.

आमच्या कॉलेजात पहिला तास पावणेआठला असतो. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरच्या मुली साडेसहाच्या एसटीनं येतात. त्यासाठी पाचला उठून झाडलोट, पाणी, भावाचा आणि वडिलांचा डबा. मी गेल्या महिन्यात अकरावीच्या वर्गात विचारलं, सकाळी काय खाऊन आलात? चाळीस मुलींपैकी बावीस जणींनी चहा आणि खारी किंवा बिस्कीट सांगितलं. सात जणी काहीच न खाता आल्या होत्या. मग मी विचारलं, तुमच्या भावांनी काय खाल्लं? वर्गात थोडा वेळ शांतता होती. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्याचं मी करून ठेवून आले. पोहे. वर दूध."